शेगडीवरचं फूल

खंडेनवमीच्या पूजेसाठी अवजारं काढताना गंजका खिळा पायात घुसला, म्हणून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला दवाखान्यात गेलो. पाहतो तर नर्सबाईंनी लसींच्या फ्रिजलाही झेंडूचं फूल वाहिलेलं! ठणका विसरून हसलो, आणि एक जुना जपानी शास्त्रज्ञ आठवला. धनुर्वाताचा जंतू इतर जंतूंच्या गर्दीतून कुणालाच वेगळा काढता येत नव्हता. या शास्त्रज्ञानं ती गर्दीच तापवली. बाकीचे जंतू मेले, हा चिवट तेवढा उरला. शत्रू एकटा सापडला, म्हणून पुढे त्याच्यावर उतारा सापडला. आणि आज मी बिनघोर!

बाईंना हे सांगितलं, तर म्हणाल्या, “म्हणजे त्यांचं अवजार विस्तवच की हो!” आणि कोपऱ्यातल्या चहाच्या शेगडीला हळदकुंकू लावून त्यांनी दुसरं फूल वाहिलं.