आम्ही ‘भरपूर’ म्हणालो नाही

त्या दिवशी रत्नागिरीत माझी चार कामं होती. मिक्सरचं भांडं दुरुस्तीला टाकायचं, यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, फवारणीच्या पंपाचं नोझल, आणि ‘सकारात्मक विचारांतून समृद्ध बाग’ नावाचा कार्यक्रम. पहिली तीन अकराच्या आत उरकली. चौथं मी आपणहून मागे लावून घेतलं नव्हतं. आम्ही बागेची औषधं ज्याच्याकडून घेतो, त्या दुकानदाराने आंबा बागायतदारांसाठी मिरजोळ्याकडच्या एका हॉलमध्ये ते व्याख्यान ठेवलं होतं. पुण्याचे वक्ते, शेवटी जेवण. मी जाणार नव्हते, पण शेजारची म्हणाली, “काकी, तुम्ही असाल तर मी येते. एकटी कशी जाऊ?”

शेजारची म्हणजे आमच्या कुंपणाला लागून जिची बाग आहे ती. पस्तिशीची असेल. नवरा मुंबईला नोकरीत, घरी ती आणि सासू. त्यांची कलमं वर्षानुवर्षं एका व्यापाऱ्याला कराराने दिलेली असत. तो फवारायचा, तो काढायचा, तो न्यायचा. गेल्या वर्षी करार संपला तेव्हा हिने सांगितलं की यंदा बाग मी करणार. नवरा म्हणाला, एक वर्ष करून बघ, नाही जमलं तर आहेच व्यापारी. फवारण्यांचं वेळापत्रक मी तिला लिहून दिलं. खरं सांगायचं तर तिने ते माझ्यापेक्षा काटेकोर पाळलं. मोहोर असा आला की जाता-येता माणसं थांबून बघत.

मग जानेवारीत ढग आले. दोन दिवस कोंदट, तिसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस. मोहोर काळा पडला आणि झटकला की हातात भुसा यावा तसा गळू लागला. तिचा गेला, आमचा गेला, आमच्या सगळ्या उताराचा गेला. पण तिच्या सासूने ठरवून टाकलं होतं. “पयल्या दिवसापासून ‘व्हईल ना, व्हईल ना’ करीत होतीस. तुज्याच तोंडानं गेला.”

असं सगळं डोक्यात घेऊन ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती.

वक्ते चांगले उंचेपुरे होते. आपल्या हवेत कोट घालून उभं राहणं हीसुद्धा एक जिद्दच म्हणायची. कानाला लावलेला माईक, मागे पडद्यावर हिरवीगार बाग. “‘नाही’ हा शब्द आजपासून बंद! आंबा झाडावर नंतर लागतो, आधी मनात लागतो!” दुकानदाराने टाळ्या वाजवल्या, म्हणून पुढच्या रांगेनेही वाजवल्या. पुढच्या रांगेत पाहुणे म्हणून आमच्या भागातले कृषी सहायक होते. ते खाली मान घालून मोबाइल बघत होते.

“आता सगळ्यांनी उभं राहा. हात वर. मोठ्याने म्हणा, माझ्या बागेत आंबा भरपूर!”

कोणी उठलं नाही.

पुण्याच्या माणसाला हे कळणं कठीण आहे. आमच्याकडे ज्याच्या फांद्यांना टेकू द्यावे लागलेत, तोही विचारल्यावर “काय खरं नाय, आहे आपला थोडा” एवढंच म्हणतो. दृष्ट लागेल हे एक. व्यापाऱ्याच्या कानावर जाऊन भाव पडेल हे दुसरं. आणि आंबा पेटीत बसेपर्यंत तो आपला नसतो, हे सगळ्यांत महत्त्वाचं. अशा माणसांना भर हॉलमध्ये हात वर करून ‘भरपूर’ ओरडायला सांगणं म्हणजे अंगणात कपडे काढायला सांगण्यासारखं होतं.

माझ्या मागच्या रांगेतले एक म्हातारे बागायतदार शेजाऱ्याला म्हणाले, “नि दृष्ट लागली तर हा येनार काय मिरच्या ओवाळायला?”

“येईल की. त्याची फी वेगळी असेल.”

खसखस पिकली. वक्त्यांनी ती ऐकली आणि त्यांचा सूर बदलला.

“हीच ती मानसिकता! कोकण मागे का राहिलं? ज्यांचा मोहोर यंदा गेला, त्यांनी प्रामाणिकपणे स्वतःला विचारा, मी रोज काय विचार करत होतो? भीतीचा? निसर्ग तुमचं मन ऐकतो. तुम्ही जे पेरलंत तेच मिळालं.”

शेजारचीने माझं मनगट धरलं. “काकी, म्हंजे खरंच माज्यामुळं झालं काय ओ?”

तोवर मी जेवणापर्यंत गप्प बसायचं ठरवलं होतं. तिचा चेहरा बघितला आणि हात वर केला.

“या, ताई! शाब्बास! मोठ्याने होऊ दे!”

मी स्टेजवर गेले नाही. जागेवर उभी राहिले. “आमचा मोहोर काळा पडला आहे.”

“शब्द बदला, ताई. म्हणा, मला नवी संधी मिळाली आहे.”

“शब्द बदलले तरी तो काळाच राहील. पाऊस पडला म्हणून गेला. आमच्या वरच्या अंगाला एक गृहस्थ आहेत, रोज सकाळी ‘वा, काय मोहोर’ म्हणत कलमांतून फिरायचे. त्यांचाही गेला. पाऊस कोणाचं मन विचारून पडला नाही.”

“ही नकारात्मकता झाली.”

“ही माहिती झाली. आणि भीतीचं म्हणाल, तर ज्याला भीती वाटते तोच वेळेवर फवारतो. सगळं छान होणार म्हणणारा घरी झोपतो.”

“मग आपण इथे आलात कशाला?” आता त्यांचं हसू गेलं होतं.

मागून म्हातारे ओरडले, “जेवायला!”

हॉल हसला आणि हसता हसता सैल झाला. देवरूखकडच्या एकाने सांगितलं, त्यांच्याकडे मोहोरच उशिरा आला. दुसऱ्याने सांगितलं, कणीएवढी फळं धरली होती, तीही गळाली. कोणीतरी कृषी सहायकांना थेट विचारलं, “साहेब, नुकसानीच्या पाहणीला कधी येताय?” मोबाइल खिशात गेला. दुकानदार “विषय भरकटतोय, विषय भरकटतोय” म्हणत माईकसाठी धावपळ करत होता. मला मुळीच वाईट वाटलं नाही.

आणि मग ती उभी राहिली. पदर मुठीत धरून म्हणाली,

“माजा पण गेला. फवारनी एक पन चुकली नाय. तारखा इचारा, सांगते.”

वक्ते लगेच म्हणाले, “वा! या ताईंच्या धैर्यासाठी जोरदार टाळ्या!” कोणी टाळी वाजवली नाही. तिचं बोलणं अजून व्हायचं होतं आणि लोक ऐकत होते. तिने एकामागून एक फवारण्या सांगितल्या, मधे कुठे ढग आले तेही सांगितलं. म्हातारे म्हणाले, “बरोबर केलंस गो. आमी पन ह्येच केलं.” तेव्हा ती बसली.

पुढच्या आठवड्यात पाहणीला माणसं आली, आमच्या दोन्ही बागा बघून गेली. भरपाईचं पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही आणि उगाच चांगलं होईल असंही म्हणणार नाही. त्या दिवशीचं जेवण मात्र उत्तम होतं. दुकानदार माझ्याकडे बघत नव्हता, तरी मी दोनदा आमटी घेतली.

परतीच्या एसटीत तिच्या नवऱ्याचा फोन आला. सासूने सकाळीच त्याला तेच ‘हिच्या तोंडानं गेला’ ऐकवलं असणार. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. हिचं ऐकू आलं, कारण अख्ख्या गाडीला ऐकू गेलं.

“नाय. माज्या तोंडानं नाय गेला. पावसानं गेला, सगळ्यांचा गेला... व्यापाऱ्याला सांगा, बाग द्यायची नाय. पुढल्या साली पन मीच करनार... रडत नाय ओ मी. सांगतेय तुमाला.”