पांगाऱ्याचं कुंपण

बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, घरात थांबवायचं होतं आणि घराला कुंपण नव्हतं. नेरूळला आमचा तळमजल्याचा फ्लॅट. मागे थोडी मोकळी जागा, मग गुडघाभर भिंत आणि पलीकडे खाडीकडे जाणारा रस्ता. विस्मरणाचा आजार बळावला तसे बाबा रोज संध्याकाळी ती भिंत ओलांडू लागले. एकदा तर भरधाव गाड्यांमधून त्यांना धरून आणावं लागलं. भिंत उंच करायला सोसायटी तयार होईना. झाडं लावायला मात्र कुणाची हरकत नव्हती.

मी पांगारा निवडला. त्याला काटे असतात, फांदी खोचली तरी जगतो आणि झपाट्याने वाढतो. नर्सरीत पिवळ्या शिरांच्या पानांची शोभेची जात मिळाली. पावसाळ्याच्या तोंडावर हातभर अंतराने फांद्या लावल्या. खरं तर बाबांनीच लावल्या. जवळच्याच सारसोळे गावात त्यांच्या लहानपणी घरामागे असंच कुंपण होतं, ते त्यांच्या हातांना आठवत होतं. मी तिरकी लावलेली फांदी त्यांनी उपटून सरळ केली. दिवाळीपर्यंत ताटलीएवढी पानं माझ्या डोक्याच्या वर गेली. माझ्या कामांच्या यादीतलं एक काम संपलं.

मग बाबा कुंपणात हात घालू लागले. मनगटं सोलून निघायची. मी पट्ट्या बांधत होते, पण त्यांना जायचं कुठे आहे हे कळत नव्हतं. एका संध्याकाळी कळलं.

"आये, मी भायेर रायलो. कवाड उघड."

घर कुंपणाच्या आत असतं. समोर कुंपण, म्हणजे घर पलीकडे आणि आपण बाहेर, असा त्यांचा हिशोब. त्यांची आई माझ्या लग्नाआधीच गेली होती.

समजावून उपयोग नव्हता. मी सोसायटीच्या गेटमधून वळसा घालून भिंतीपलीकडे गेले आणि पानांआडून म्हणाले, "मागल्या दारानं ये. उघडंच हाय."

मग चपला घराकडे फरफटत गेल्या.

तेव्हापासून ते रोजचं काम झालं. दूध, औषधं, वळसा, हाक. रोज कुणाशी बोलता, असं वॉचमनने विचारलं, तेव्हा झाडाशी म्हणून सांगितलं.

थंडीत पांगाऱ्याची पानं गळतात. एका संध्याकाळी मी नेहमीसारखी हाक दिली, तर उघड्या काटेरी फांद्यांमधून बाबा माझ्याकडे बघत होते. बराच वेळ बघत राहिले.

"तू माझी आय नाय," ते म्हणाले. "ती कुठं हाय?"

त्या दिवशी ते आपणहून फिरले नाहीत. वॉचमनने आणि मी धरून त्यांना आत नेलं.

दुसऱ्या दिवशी हिरवी जाळी आणून फांद्यांवर ताणून बांधली. संध्याकाळी वळसा घालून पलीकडे उभी राहिले. कुणी आलं नाही.

नवी पानं आली, पूर्वीपेक्षा मोठी. मागचं दार मी आता दिवसभर उघडं ठेवते. बाबा पलंगावरून उठत नाहीत.