विकणाऱ्यानं मागं उभं राहायचं

जुनी गाडी पाहायला गेलं की माझी वत्सलावहिनी बॉनेट उघडायला सांगत नसे, टायरला हात लावत नसे. विकणाऱ्याकडे पाहून ती एवढंच विचारी, "तुम्हाले पोहता येते काय?"

समोरचा हसायचा. वहिनी हसत नसे.

सौंसरच्या आसपासचे लहान तलाव आमचं घर मासेमारीसाठी ठेक्यानं घेई. पाण्यात घालायची नाव एकच. ती ट्रॉलीवर चढवून या तलावावरून त्या तलावावर ओढत न्यावी लागे. त्यासाठी दादानं, म्हणजे वहिनीच्या नवऱ्यानं, पांढुर्ण्याला जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या मोहनसेठकडून एक पिकअप घेतली. पारखायचं काम माझ्याकडे होतं. मी ती बोरगावपर्यंत पळवून आणली. सपाट सडक, रिकामी गाडी. इंजिनाच्या आवाजावर मी खूश झालो. हँडब्रेकचं विचारलं तेव्हा मोहनसेठनं जामसांवलीच्या मारुतीची शपथ घेतली आणि मला तेवढी पुरली.

नाव उतरवताना गाडी पाण्याकडे पाठ करून उतारावर उभी करतात. एक माणूस कमरेएवढ्या पाण्यात नावेमागे उभा राहून तिला धरतो. त्या दिवशी मागे दादा होता. मी हँडब्रेक ओढला आणि दोर सोडायला खाली उतरलो. गाडी माझ्या डोळ्यांसमोर मागे सरकली. ट्रॉली, नाव, सगळं दादाच्या अंगावर गेलं.

वहिनी फार रडली नाही. दादाचं तेरावं झाल्यावर ती दर बाजारच्या दिवशी पांढुर्ण्याची बस धरू लागली. मोहनसेठच्या फाटकाशी पोतं अंथरून बसायची आणि आत जाणाऱ्याला सांगायची, "घ्या बाप्पा गाडी. माया मालक इथल्याच गाडीखाली गेला." मी म्हटलं, पोलिसात जाऊ. ती म्हणाली, "पोलीस त्याले एकदा नेतीन, भाऊजी. मी तं दर बाजारी येऊन राहिली."

शेवटी मोहनसेठच बाहेर आला. "बाई, दुसरी गाडी घेऊन जा. फुकट. पण इथून ऊठ."

"फुकट नोको. पारखून घेईन. नावेले जुपून, उतारावर. अन् मागं तुम्ही."

फाटकाशी गिऱ्हाइकं उभी होती. त्याला नाही म्हणता आलं नाही.

तलावावर त्याची दुसरी गाडी नावेला जुपली, नावेत ओली जाळी आणि भरलेले ड्रम ठेवले. स्टिअरिंगवर मी, हँडब्रेक ओढून. मोहनसेठ पाण्यात, दादाच्या जागी. वहिनी पदरात काहीतरी धरून माझ्या दाराशी उभी.

"पाय काढा ब्रेकवरून, भाऊजी."

मी काढला. गाडी जराशी सरकली, थांबली, पुन्हा सरकली. खरं सांगतो, मला पाय परत ठेवायचा नव्हता.

"बाई, हिचा हँडब्रेक नाही धरत," मोहनसेठ ओरडला.

"अन् तिचा?"

नाव त्याच्या छातीला लागली होती. "तिचाही नव्हता. मले माहीत होतं."

काठावर उभ्या सगळ्यांनी ते ऐकलं. तेव्हा वहिनीनं पदरातला दगड काढला आणि चाकामागे सरकवला. "आता या बाहेर."

त्याच्याकडून पुन्हा कोणी गाडी घेतली नाही. पुढच्या वर्षी ते फाटकही बंद झालं. आम्हाला गाडी दुसऱ्याच एकानं दिली. तो विडी ओढत पाण्यात उभा राहिला आणि गाडी जागची हलली नाही.

ती चालवायला वहिनी स्वतः शिकली. पहिल्यांदा नाव उतरवायची वेळ आली तेव्हा मी विचारलं, "मागं कोण?"

ती आरशात पाहून म्हणाली, "तुम्हाले पोहता येते ना, भाऊजी?"

त्यानंतर दर खेपेला नावेमागे मीच. एका शब्दानं तिनं मला कधी दोष दिला नाही. चाकामागे दगड ती न चुकता लावी, पण सावकाश.

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेली. आता मासेमारी बंद आहे आणि पिकअप विकायला काढली आहे. काल तिगावहून एक जण आला. गाडीभोवती फिरला, टायर दाबून पाहिले आणि म्हणाला, "काका, हँडब्रेक कसा आहे?"

मी नाव जुपायला लावली. तलावावर गेल्यावर चावी त्याच्या हातात दिली आणि चपला काढून काठावर ठेवल्या.