पल्टणीचा साक्षीदार आणि माझी म्हैस

माझी म्हैस बक्षिसाला लावल्याचं मला दवंडीनं कळलं. बाहेर हलगी कडाडली आणि दवंडीवाला ओरडला, "ऐका हो ऐका! ज्या कुणी अण्णांना पल्टणीत बघितलं असंल, त्यानं सोमवारी महादेवाच्या देवळात यावं अन् दुभती म्हैस घिऊन जावं!" अण्णा म्हणजे माझे मालक. म्हैस माझ्या माहेरची, तामलवाडीची. विचारलं कुणालाच नव्हतं, ना मला, ना म्हशीला.

झालं होतं असं. निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं. गावात नवी कमिटी बसायची होती आणि तिचा मुख्य व्हायचं मालकांनी मनावर घेतलं होतं. जर्मनच्या लढाईच्या काळात ते चार वर्षं घरात नव्हते. पल्टणीत होतो, बंदूक चालवली, साहेबानं पाठ थोपटली, असं पारावर रोज सांगायचे. विरुद्ध पार्टीचे कापडवाले अप्पा म्हणाले, "कागद दाखवा." मालक म्हणाले, "कागद उंदरानं खाल्ला." मग काय, अप्पांनी गावभर केलं, "कसली पल्टण अन् कसलं काय! सोलापुरात बाई ठेवली हुती. चार वर्षं तिच्याकडंच पडून हुता गडी."

त्यांचं भांडण खुर्चीसाठी होतं. माझं दुखणं निराळं. ती चार वर्षं मी दोन लेकरं आणि आंधळी सासू सांभाळत काढली. मी आडावर गेले की बायका गप व्हायच्या. ते परत आल्यावर मी एकदाच विचारलं, कुठं होतात? तर म्हणाले, "बायकांना काय कळतंय त्यातलं." तेव्हा साक्षीदार मलाही पाहिजेच होता. म्हैस गेली तर जाऊ दे, पण खरं काय ते कळू दे, असं मी महादेवाला सांगून ठेवलं.

सोमवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. आम्ही बायका खांबाआड उभ्या. साक्षीदार एक नाही, अकरा! पहिल्यानं मालकांना मिसर देशाच्या वाळूत घोड्यावर पाहिलं होतं.

"मिसर कुठं हाय रं?" अप्पांनी विचारलं.

"तुळजापूरच्या जरा पल्याड."

दुसऱ्यानं त्यांना विमानातून उडी मारताना पाहिलं, तेही बैलगाडीतून जाता जाता. तिसरा तर रडायलाच लागला. अण्णांचा डावा हात माझ्या डोळ्यादेखत तोफेनं उडाला, म्हणाला. मालक समोरच बसलेले, दोन्ही हात मांडीवर. लोकांनी दाखवलं, तर हा डोळे पुसत म्हणतो, "आला असंल पुन्यांदा. देवाची करणी!" आणि मालक? मान डोलवत होते हो! जणू खरंच आला असावा.

मग अप्पांनी पुजाऱ्याकडून ताटलीत बेल-भंडारा मागवला. आमच्याकडं माणूस कचेरीत खोटं बोलेल, तहसीलदारापुढं बोलेल, पण बेल-भंडारा उचलून बोलायचा नाही. वंश बुडतो म्हणतात. ताटली दिसली मात्र, एकाचा बैल सुटला, एकाच्या पोटात मुरडा आला, हातवाला तर चपला सोडून पळाला. बघता बघता साक्षीदारांची जागा रिकामी.

मागं एकच माणूस उरला. लंगडा, अंगावर खाकी सदरा. पुढं येऊन त्यानं न विचारता भंडारा उचलला.

"म्या सास्तूरकडचा. पल्टणीत खेचरं हाकीत हुतो. म्हशीच्या आशेनंच आलोय, लपवू कशाला? पर ह्यास्नी वळखतो. ह्ये आमच्या लंगरावर हुते. लंगर म्हंजी पल्टणीची चूल. समद्यांच्या भाकरी ह्येच थापायचे. वरनं इमानं आली की आमी खड्ड्यात उड्या टाकायचो, ह्ये मातुर तव्यावरची भाकर उलथल्याबिगर हलायचे न्हाईत. लई धीराचा माणूस!" मग जरा हसून म्हणाला, "रोज म्हणायचे, किती बी थापा, आमच्या घरच्यासारखी गोल हुईना."

अगं बाई! माझ्या डोळ्यांना धारच लागली. बाई नव्हती, भाकरी होती! आणि भाकरी थापताना हा माणूस माझी आठवण काढत होता. मला तर तिथंच ओरडून सांगावंसं वाटलं सगळ्यांना. पण देवळात एकच हशा उठला होता. "अण्णा भाकरी थापायचे! अण्णा, पीठ कोण मळायचं?"

अप्पा हसू दाबत म्हणाले, "आता तुमी उचला भंडारा. वळखता का ह्याला?"

एक व्हय म्हटलं असतं तर पल्टण सिद्ध झाली असती. मालकांचं तोंड काळंनिळं पडलं. त्यांनी भंडारा उचलला आणि म्हणाले, "ह्या माणसाला म्या जन्मात बघितलं न्हाय."

पोटच्या दोन लेकरांवर हात ठेवून खोटं बोलावं तसं ते. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घरी गेले, दावं सोडलं, म्हैस देवळापुढं आणली आणि दावं त्या माणसाच्या हातात दिलं. "न्या भाऊ. मला पटली तुमची साक्ष." तो नको नको म्हणत होता, पण मी ऐकलं नाही.

खुर्ची अप्पांना गेली. संध्याकाळी मालक जेवायला बसले, तशी मी ताट वाढायच्या जागी भाकरीच्या पिठाची काटवट त्यांच्यापुढं सरकवली. "एक भाकर थापून दाखवा. दार लावलंय. कुणाला सांगायची न्हाय मी."

त्यांनी काटवट बाजूला सारली. मग उठले, धोतर झटकलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सोलापुरात बाई हुती. अप्पा म्हणतोय ते खरं हाय." आणि तसेच उपाशी पारावर जाऊन बसले. तिथं लोकांनी भंडाऱ्यावरचा शब्द खरा मानून त्यांना सरकून जागा दिली, पान दिलं. बाई ठेवल्यानं गडी लहान होत नाही ना!

मला सवत कधी नव्हतीच. पण तिच्या नावानं गाव मला जन्मभर बिचारी म्हणत राहिलं, आणि ते ऐकूनही हा माणूस खरं काय ते कधी बोलला नाही.