बसायला न आलेल्या अक्का

अक्का कुणाच्याही दुकानात कधी बसल्या नाहीत. कुणी खुर्ची पुढे केली, कुणी स्टूल पुसून दिलं, कुणी गादीवर सरकून जागा करून दिली, तरी त्या उभ्याच. काठ विटलेलं सुती लुगडं, पायात टायरच्या चपला, काखेत कापडी पिशवी. "बसायला न्हाई आले मी," त्या म्हणायच्या, "तुमी आमच्याकडं बसायला कधी येताय तेवढं सांगा. मग जाते."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या छापखान्यात. साखर पेठेत आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, छोटा छापखाना होता. दोन ट्रेडल मशीनं, शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, पेट्यांची चार लाकडी घोडी आणि लग्नसराईत छताला टेकतील एवढे पत्रिकांचे गठ्ठे. मी नुकतीच बी. ए. झाले होते आणि लग्न ठरेपर्यंत घरी बसण्यापेक्षा प्रुफं तपासत होते. अक्का आत आल्या आणि आप्पांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. आप्पांनी नेहमीप्रमाणे ड्रॉवर उघडला.

"वर्गणी ना? पावती फाडा."

"वर्गणी नको. माझ्याकडं अकरा पोरी हायत. एकीला हे खिळे जुळवायला शिकवा."

आप्पा हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की या बाई हसत नाहीत. "छापखान्यात मुलगी? इथं सगळे गडी माणसं. शाई, रॉकेल, शिसं. छे, छे."

"ही तुमची लेक बसलीय की."

आप्पांनी ड्रॉवर लावला आणि प्रूफ वाचायला घेतलं. अक्का तासभर उभ्या राहिल्या. गिऱ्हाइकं आली, गेली; प्रत्येकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग आप्पांकडे. पुढच्या सोमवारी त्या पुन्हा आल्या. त्याच्या पुढच्या सोमवारीही. चौथ्या खेपेला आप्पा वैतागून म्हणाले, "अहो, निदान बसा तरी!" अक्कांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. त्या रविवारी आप्पा मला बरोबर घेऊन त्यांच्याकडे गेले. कशासाठी, तर बाईंचं उभं राहणं एकदाचं थांबावं म्हणून.

अक्कांचं घर शहराच्या पूर्व भागात होतं. घर कसलं, भाड्याच्या तीन खोल्या आणि पुढे अंगण. अक्का तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातल्या. नवरा असताना मधल्या खोलीत खड्डामाग होता. तो गेला, माग विकला, आणि विणकराने पाय सोडायचा तो खड्डा तेवढा उरला. त्यात आता ज्वारीची पोती ठेवलेली असत आणि वर फळी टाकून मुली झोपत. अक्का स्वतः गिरणीच्या पाळणाघरात वीस-बावीस वर्षं आया होत्या. तिथली एक मुलगी, आई वारल्यावर सरकारी बालगृहात गेलेली, अठरा वर्षांची झाली तेव्हा नियमाप्रमाणे तिला बाहेर काढलं. तिला जगात एकच पत्ता ठाऊक होता, पाळणाघरातल्या अक्कांचा. ती पत्र्याची पेटी घेऊन आली. महिन्याभराने तिच्या मागोमाग दुसरी आली. मग बालगृहातला कारकूनच जाणाऱ्या मुलीच्या हातात अक्कांच्या पत्त्याची चिठ्ठी देऊ लागला. बहात्तरच्या दुष्काळानंतर तर खेड्यापाड्यांतल्याही आल्या. कुणाचे आईबाप दुष्काळी कामावर गेले ते परतलेच नव्हते, कुणाला चुलत्याने बाहेर काढलं होतं.

अंगणात आम्ही बसलो. अक्कांनी पितळीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणून ठेवली आणि पहिल्यांदाच आमच्यासमोर खाली बसल्या. आप्पांनी मुलींशी बोलायचा प्रयत्न केला, पण त्यांना ते जमेना. शेवटी त्यांनी खिशातून एक लग्नपत्रिका काढली आणि विचारलं, "ही वाचेल कोण?"

केम गावची सुमन पुढे आली. काळीसावळी, हडकुळी. तिने पत्रिका वाचली, थांबली आणि म्हणाली, "हितं चुकलंय. 'आशीर्वाद'मधला 'शी' ऱ्हस्व हाय." आप्पांनी पत्रिका हिसकावून घेतली. चूक खरी होती. सोमवारी सुमन छापखान्यात आली.

पुढे मी रोज संध्याकाळी अक्कांकडे जायला लागले. मुलींना हिशोब नि इंग्रजी अक्षरं शिकवायला. तिथे माझ्यासारखे आणखी बरेच येत. बेकरीवाले रहीमभाई गुरुवारी दोन मुलींना पीठ मळायला घेऊन जात. एक चादर कारखानदार शेठ आपला मास्तर पाठवून अंगणात ताणा, म्हणजे मागाचे उभे धागे, कसा भरायचा ते दाखवत. एक निवृत्त डॉक्टर रविवारी येऊन जखम धुणं, पट्टी बांधणं शिकवत. मला कुतूहल असायचं, की ही माणसं येतात का? रहीमभाई सरळ सांगायचे, "मेरेकू पहाटे कामकू हातां मिलते, अक्काकू सुकून मिलता. और क्या होना?" शेठना वर्तमानपत्रात फोटो हवा होता. डॉक्टरांची दोन्ही मुलं मुंबईला गेली होती आणि रविवार त्यांना जड जायचा.

मला हे थोडं खटकायचं. एकदा मी अक्कांना म्हणाले, "शेठना नुसता फोटो पाहिजे, अक्का."

"मग काढू की फोटो. त्यास्नी फोटो पायजे, पोरींना माग पायजे. भांडण कुटं हाय?" आणि थोडं थांबून म्हणाल्या, "आल्या माणसाला का आलास विचारू नये. कामाला लावावं. कारण त्याला मागनं सापडतं."

आप्पांचं कारण मला दीड वर्षाने कळलं. शाईचे हात रॉकेलने धूत असताना ते एकदम म्हणाले, "आमची थोरली बहीण सोळाव्या वर्षी परत आली घरी. कपाळ पांढरं घेऊन. मागच्या खोलीत राहिली आणि तिथेच गेली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा सुंदर होतं. कुणी तिच्या हातात काही दिलं नाही. मीही नाही." या आत्याचं नावसुद्धा मी तोवर ऐकलं नव्हतं. आप्पा हात पुसून पुन्हा मशीनकडे गेले.

अक्का म्हणजे मायेचा झरा वगैरे नव्हत्या, हे सांगायलाच हवं. त्यांची जीभ तिखट होती आणि हात त्याहून. मंगल नावाची एक मुलगी कामाहून येताना दोनदा उशिरा आली, खोटं बोलली, तेव्हा अक्कांनी सगळ्यांसमोर तिला थोबाडीत दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल नव्हती. कुणीतरी तिला कुर्डुवाडीला पाहिल्याचं सांगितलं. अक्का पहिल्या गाडीने एकट्याच गेल्या. स्टेशनाबाहेरच्या एका हॉटेलात मंगल कपबशा विसळत होती. ती परत यायला तयार नव्हती.

"मी तिचे पाय धरले," परत आल्यावर अक्कांनी मला सांगितलं. आवाज अगदी कोरडा होता. "म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणली, माफ केलं, पर येत न्हाई. बरोबर हाय तिचं."

त्यांनी तिथल्या रेल्वे वर्कशॉपमधल्या एका कामगाराच्या बायकोला गाठून मंगलला रात्री तिच्याकडे झोपायची सोय केली होती. मग दर महिन्याला त्या कुर्डुवाडीला जाऊन येत. मंगल परत आली नाही, पण अक्कांचा हातही त्यानंतर कधी उठला नाही.

त्याच वर्षी घराचं संकट आलं. गल्लीतल्या काही मंडळींनी घरमालकाकडे तक्रार केली. पुरुषमाणूस नसलेलं घर, कुठल्या कुठल्या पोरी, जातपात ठाऊक नाही. आमच्या मुलींवर काय परिणाम होईल? पुढारी होते एक सुताचे व्यापारी, शब्दाला वजन असलेले. घरमालकाने निरोप पाठवला, की रविवारी पंचमंडळी घेऊन येतो, सामान आवरायला लागा.

मुली घाबरल्या. सुमन म्हणाली, "आमी परत कुटं जायाचं?" मी म्हटलं, कलेक्टरकडे अर्ज करू, मी लिहिते. अक्कांनी मान हलवली. "अर्ज वाचंपतुर आमी रस्त्यावर." त्यांनी चपला घातल्या आणि दुकानं धरली. दोन दिवस त्या उन्हातान्हात फिरल्या. सगळीकडे सांगितलं एकच: रविवारी सकाळी या, आणि रोजचं काम करा. भाषण नको, भांडण नको.

रविवारी घरमालक आणि पाच-सहा जण दारात आले तेव्हा अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. एका कोपऱ्यात चादरवाल्यांचा मास्तर ताणा भरून दाखवत होता, आणि त्या दिवशी शेठ स्वतः त्याच्याजवळ मांडी घालून बसले होते; फोटोवाला कुठेच नव्हता. डॉक्टर एकीकडून दुसरीच्या हाताला पट्टी बांधून घेत होते. रहीमभाईंची परात होती आणि दोघी तिच्यात पीठ मळत होत्या. आप्पांनी खिळ्यांची एक अख्खी पेटी हातगाडीवरून आणवली होती आणि सुमन तिच्यासमोर उभी राहून मजकूर जुळवत होती. कुणी उठलं नाही. सगळ्यांचे हात चालूच राहिले.

सुताचे व्यापारी थोडे गडबडले, मग आवाज चढवून म्हणाले, "तुम्ही प्रतिष्ठित माणसं, तुम्हाला हे शोभतं का? या पोरींचा भरवसा काय?"

आप्पा चारचौघांत बोलणारे नव्हते. आमच्या घरच्या कार्यातसुद्धा ते मागे उभे राहत. पण त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि म्हणाले, "मागच्या वैशाखात तुमच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका आमच्याकडे छापली. आठवतं?"

"आठवतं की. छान झाली होती."

"तुमच्या कुलदैवतापासून तुमच्या धाकट्या नातवापर्यंत सगळी नावं या मुलीने जुळवली. प्रूफ मी वाचलं नाही. हिच्या हातचं मी वाचत नाही, गरज पडत नाही. एक काना, एक मात्रा चुकली होती का?"

व्यापाऱ्यांनी सुमनकडे पाहिलं. तिच्या बोटांना शाई लागलेली होती आणि तिने मान खाली घातली नाही. मग ते म्हणाले, "न्हाई चुकली." आणि वळून निघून गेले. बाकीचे त्यांच्या मागे.

घरमालक राहिला. त्याचं म्हणणं असं, की मला वाद नको, पण उद्या काही झालं तर जबाबदार कोण? तेव्हा शेठ उठले, अंगातला सदरा झटकला आणि म्हणाले, "भाडेपावती आमच्या चौघांच्या नावाने कर. जबाबदार आम्ही." शेठ, रहीमभाई, डॉक्टर आणि आप्पा. कागदावर चौघांच्या सह्या झाल्या. अक्कांनी सह्या होईपर्यंत पाहिलं आणि मग चुलीकडे गेल्या. मी मागोमाग गेले तेव्हा त्या भिंतीला डोकं टेकून उभ्या होत्या. मला पाहताच म्हणाल्या, "एवढ्या माणसांचा चहा. साखर बघ किती हाय."

पुढची काही वर्षं घर नीट चाललं. सुमन छापखान्याची मुख्य कंपोझिटर झाली आणि तिच्या हाताखाली दोन गडी काम करू लागले. दोघी-तिघींची लग्नं अंगणातच लागली. माझंही लग्न झालं, सुदैवाने गावातच, त्यामुळे माझी संध्याकाळची फेरी चुकली नाही. पण अक्कांची नजर कमी होत गेली. मोतीबिंदू काढला, तरी एका डोळ्याने पार दगा दिला. चुलीपाशी त्यांचा हात दोनदा भाजला. शेवटी आंध्रातल्या गावाहून त्यांचा भाऊ आला, न्यायला. त्या नको म्हणत राहिल्या. मग सुमनने हाताला धरून त्यांना ज्वारीच्या खड्ड्यावरची सरकलेली फळी दाखवली. आदल्या दिवशी अक्का तिथे पडता पडता वाचल्या होत्या. अक्कांनी हाताने ती फळी चाचपली आणि मग नाही म्हणाल्या नाहीत.

स्टेशनवर आम्ही वीसएकजण होतो. कुर्डुवाडीहून मंगलही आली होती, कडेवर मूल घेऊन. मुली रडत होत्या. अक्का खिडकीशी बसून एकेकीचं डोकं चाचपत होत्या. गाडी सुटायच्या बेताला त्यांनी माझा हात धरून मला जवळ ओढलं. मला वाटलं, आता काही मनातलं सांगतील.

"उद्या एक पोरगी यायची हाय. करमाळ्याकडची. बालगृहातनं चिठ्ठी आलीय, मी सांगायची ऱ्हाईले. पयल्या दिवशी तिला कुणी काय बी विचारू नका. पिठलं करा, गरम. आनि दार उघडं ठेवा, बंद दार बघून पोरी मागं फिरत्यात."

गाडी हलली. एवढंच त्या बोलल्या. दुसऱ्या वर्षी त्यांच्या भावाचं पत्र आलं, तेलुगूत, आणि ते सुमनने पूर्व भागातल्या एका म्हाताऱ्याकडून वाचून घेतलं. अक्का झोपेत गेल्या होत्या.

पण मला सांगायचं आहे ते गाडी सुटली त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळी मी लवकर गेले, दार सताड उघडलं आणि पिठलं चुलीवर टाकलं. दहाच्या सुमारास उंबऱ्यापाशी सावली पडली. सतरा-अठराची मुलगी, तेल न लागलेले केस, छातीशी घट्ट धरलेलं बोचकं, मुठीत चुरगळलेली चिठ्ठी. आत यायला ती तयार नव्हती. तिने माझ्याकडे, मग रिकाम्या अंगणाकडे पाहिलं.

"अक्का हितंच राहत्यात का?"

माझ्या हातातल्या पळीवरचं पिठलं खाली ठिबकत होतं. मी म्हटलं, "हो. आत ये."