हनुवटीखालचा लाल दगड

आमच्या संग्रहालयात दगडात अडकलेली पुराणकाळची हाडं साफ करणारे आम्ही पाच जण. त्यातल्या चौघांना कामाचं काहीही विचारा, ते त्सेलेंगकडे बोट दाखवतात. मीही दाखवतो. मी लेफा, प्लास्टर कालवणारा. बावीस वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसून तिची बोलणी खाल्ली आहेत, तेव्हा तिच्याबद्दल सांगायचा पहिला हक्क माझा. ती मुळात इथे झाडू मारायला आली होती. एकदा तिने एका साहेबाला सांगितलं, तुम्ही घासताय तो दगड नाही, दात आहे. साहेब चिडला, मग त्याने भिंगातून पाहिलं, आणि पुढच्या महिन्यापासून झाडू दुसऱ्या कुणाच्या हातात गेला.

काम साधं आहे, फक्त माणसाचा जीव काढतं. हवेच्या दाबावर थरथरणारी बारीक सुई घ्यायची आणि हाडावरचा दगड कण कण करून उडवायचा. दगड जातो, हाड उरतं. खाली पडलेली भुकटी संध्याकाळी कचऱ्यात.

आमच्या टेकड्यांत खाली हिरवट दगड आहे आणि वर लाल. मधल्या पट्ट्यात मोठं मरण आहे. पंचवीस कोटी वर्षांपूर्वी जवळजवळ सगळं संपलं, आणि जे थोडे चिवट जीव उरले त्यांची पिल्लावळ लाल दगडात सापडते. सरड्यांचे, सुसरींचे खापरपणजोबा म्हणा ना. म्हणून हाड सापडलं की आमचा पहिला प्रश्न एकच असतो: हिरव्यातलं की लालातलं?

गेल्या हिवाळ्यात टेकडीच्या पायथ्याशी त्सेलेंगला मुठीएवढा दगडाचा एक गोळा सापडला. त्यातून सरड्यासारखं इवलंसं नाक बाहेर आलं होतं. गोळा हिरवट मातीत अर्धा रुतलेला.

"तिथलाच आहे ना, मे त्सेलेंग? घरंगळत आलेला नाही?" हाडांचा अभ्यास करणाऱ्या आमच्या डॉक्टर आन्नेकेने विचारलं. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला 'मे' म्हणतात, आणि डॉक्टर तिच्या मुलीच्या वयाची.

"माझ्या हाताने उकरलाय, डॉक्टर. तिथलाच."

वहीत नोंद झाली: हिरवट थर, जागेवर. तसला प्राणी हिरव्यात आजवर कुणाला मिळाला नव्हता. म्हणजे मोठ्या मरणाआधीचा, नव्या जातीचा. डॉक्टर म्हणाली, याला तुमचं नाव द्यायचं.

बातमी वस्तीत वाऱ्यासारखी पसरली. चर्चमधल्या गुरुवारच्या प्रार्थनेतल्या बायकांनी तिला पहिल्या बाकावर बसवलं. तिची आई चौऱ्याऐंशीची, तिचा आनंद तर विचारू नका. त्सेलेंगचा बाप ज्या शेतावर राबून मेला, तिथली त्याची कबर नव्या मालकाने नांगरून टाकली होती. म्हातारी येईल-जाईल त्याला सांगायची, "आमच्या घरातलं एक तरी नाव आता कुणाला पुसता येणार नाही." त्सेलेंग हसण्यावारी न्यायची, पण तिलाही ते नाव हवं होतं. फार हवं होतं.

साफसफाईच्या सतराव्या दिवशी तिने मला हाक मारली.

"लेफा, इकडे ये. भिंगातून बघ. काय रंग दिसतो?"

वरचं राखाडी कवच गेलं होतं. आतला दगड बकऱ्याच्या कलेजीसारखा लाल होता.

"थोडाफार लाल असतोच गं, ऑसी." ऑसी म्हणजे ताई, मी तिला तेच म्हणतो.

"हिरव्यातला कधी नसतो. वरून घरंगळलाय हा. पावसात रुतला आणि मी त्याला तिथलाच धरून चालले. चढून बघायला हवं होतं. त्या दिवशी गुडघा ठणकत होता, नाही चढले."

मी दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

"ऐक माझं. झाकली मूठ सव्वा लाखाची. अजून दोन दिवस सुई चालव, लाल सगळा निघून जाईल. तुझं कामच ते आहे. खोटं बोलायला तुला कोण सांगतंय?"

"आणि भुकटी?"

"ती मी झाडतो."

"बावीस वर्षांत तू एकदा तरी झाडू हातात धरलायस? आज बरा पुळका आला."

मला लाज वाटली. खरं सांगतो, रागही आला. तिच्या भल्याचं बोलत होतो मी. तिने मान खाली घातली आणि सुई चालवली. सबंध कवटी लख्ख केली, पण हनुवटीखाली नखाएवढा लाल दगड तसाच ठेवला. अर्धवट काम तिने त्याआधी कधी टेबलावरून उठू दिलं नव्हतं. मग जाऊन डॉक्टरला घेऊन आली.

डॉक्टर बराच वेळ भिंगाला डोळा लावून होती. "तुमची खात्री आहे? खात्री तर तेव्हाही होती."

"तेव्हा बाहेरून बघितलं होतं. आता आतून बघितलंय."

पुढच्या आठवड्यात आम्ही टेकडीवर गेलो. त्सेलेंग गुडघा दाबत पुढे, प्लास्टरचं पोतं घेऊन मी मागे. सत्तर-ऐंशी पावलं वर, लाल दगडात, गोळ्याच्या मापाचा खळगा होता आणि त्यात शेपटीचे अकरा मणके. डॉक्टर तिथेच खाली बसली. प्राणी मरणानंतरचा ठरला, आणि मणके जुळवून पाहिल्यावर कळलं की ते ओळखीच्याच जातीचं पिल्लू आहे. त्या जातीला कधीच कुणीतरी नाव देऊन ठेवलंय.

गुरुवारी प्रार्थना सुरू होण्याआधी त्सेलेंग स्वतःच उभी राहिली. "नाव मिळणार नाही. त्या प्राण्याला नाव आधीच आहे."

"मग घोटाळा केला कुणी?" मागून एकीने टोचलं.

"मी. आणि धरलाही मीच."

आई मात्र त्या दिवशी जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

सोमवारी डॉक्टरने नोंदवही आणली. आमच्याकडे चुकलेली नोंद पुसत नाहीत. तिच्यावर एक रेघ मारायची, शेजारी खरं काय ते लिहायचं, आणि ज्याची चूक त्याने पूर्ण नाव लिहून सही करायची. सापडलेल्या हाडांपुढे मात्र सरसकट 'संग्रहालयाचे पथक' एवढंच असतं. त्सेलेंगने शोधलेली शेकडो हाडं त्या वहीत आहेत, तिचं नाव एकाहीपुढे नाही.

तिने रेघ मारली. 'लाल थर, घरंगळलेला' असं लिहिलं. मग सावकाश, मोठ्या अक्षरांत, त्सेलेंग रामाबोलू. आडनाव रकान्यात मावेना, ते समासात गेलं.

"ऑसी, चुकीपुढे एवढं मोठं नाव?" मला राहवलं नाही.

"हो," ती म्हणाली. "आईला दाखवायचंय." आणि वही उघडीच धरून तिने डॉक्टरला विचारलं, म्हातारीला उद्या इथे आणलं तर चालेल का.