बारदानात शिवलेली पेटी

माझ्या फौजेतल्या नोकरीची शेवटची दोन वर्षं मुंबईच्या एका जुन्या दगडी टर्मिनसवर गेली. पोस्टिंग होती मूव्हमेंट कंट्रोल ऑफिसला. जवानांची तिकिटं, प्रवासाची वॉरंटं, सामान हे आमचं काम. लोक परदेशातून ती इमारत बघायला यायचे, दगडात कोरलेल्या मोरांचे फोटो काढायचे. मी पहिल्या दिवशी बाहेर पडायचे दरवाजे मोजले. सवय, दुसरं काय!

एका सोमवारी युनिटकडून सिग्नल, म्हणजे फौजी संदेश, आला: लान्स नायक मिलिंदची पेटी घेऊन एस्कॉर्ट जवान निघाला आहे, ताब्यात घ्या, घरी पोचवा. मिलिंद आमच्या बीड जिल्ह्यातला, सिरसाळ्याचा. मी घाटनांदूरचा. त्याच्या पोस्टवर बर्फाचा कडा कोसळला होता. कित्येक दिवस खोदूनही देह सापडला नाही. घरी परतणार होती ती फक्त त्याच्या सामानाची पेटी.

त्याच्या वडिलांचा रोज फोन यायचा.

"हवालदारसाहेब, पेटी कवा येनार? त्याची माय लई इचारती."

"काका, मी स्वतः घेऊन येतो," असा शब्द मी देऊन बसलो.

गुरुवारी गाडी १४१० वाजता लागली. एस्कॉर्ट काही ऑफिसात आला नाही. १४३० ला पोलिसांच्या शिट्ट्या ऐकू आल्या. धावत गेलो तर प्लॅटफॉर्म रिकामा केलेला, दोरी बांधलेली, बॉम्बपथक हजर, आणि मधोमध बारदानात शिवलेली बेवारस पेटी. दाभणाचे तसले टाके मी वीस वर्षं घातले होते.

पथकाच्या कुत्र्याने पेटी हुंगली होती, काही दाखवलं नव्हतं. पण नियम तो नियम. पाण्याच्या माऱ्याने पेटी फोडायची तयारी चालली होती. मी इन्स्पेक्टरसमोर उभा राहिलो.

"सर, ही फौजी पेटी आहे. मला उघडू द्या."

"नाव कुठंय?"

"बारदानाच्या आत."

"खात्री आहे?"

"नाही. पण आमच्या एका जवानाचा देह मिळालेला नाही, सर. त्याची आई पेटीची वाट बघतेय."

"आणि चूक निघाली तर?"

"तर जवळ मी एकटाच असेन."

त्याने आपल्या माणसाचं जाड जाकीट माझ्या अंगावर चढवलं. म्हणाला, "दोन मिनिटं."

भीती वाटली का, असं लोक विचारतात. वाटली. हात मात्र चालत होते. टाके उसवले. पेटीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं मिलिंदचं नाव आणि फौजी नंबर सिग्नलशी जुळले. "आतलं दाखवा," मागून हुकूम आला. लाखेचं सील आणि कुलूप तोडलं. त्या उंच छताखाली मिलिंदची जर्सी, वह्या, दाढीचं सामान एकेक करून बाहेर काढलं. परक्यांसमोर त्याचे कपडे मांडताना मला लाज वाटली.

एवढ्यात एस्कॉर्ट धापा टाकत आला. पेटी ठेवून तो आमचं ऑफिस शोधायला गेला होता. फौजी सामानाला कोण हात लावतो, हा पलटणीतला विश्वास. मी त्याचा खरपूस समाचार घेतला. मग चहा पाजला. दोन रात्री तो त्या पेटीवर डोकं टेकून आला होता.

शनिवारी परळीला उतरून सिरसाळा गाठलं. दारात वडिलांनी "जय भीम" केला आणि पेटीची दुसरी कडी धरली. सील का तुटलं ते मी सांगून टाकलं. मिलिंदची आई एकेक वस्तू काढत गेली, मी यादी वाचत गेलो. यादी संपली तरी तिचा हात पेटीत चाचपतच होता.

"लाल कानटोपी कुठं हाय? म्याच इणलती."

 प्लॅटफॉर्मवर पडली की काय? पेटी भरताना युनिटने केलेली ती यादी मी पुन्हा वरपासून वाचली. कानटोपी तिच्यात नव्हतीच.

"मावशी, ती पेटीत आलीच न्हाई."

तिने जर्सीची घडी घातली, पेटीत ठेवली.

"मंग डोक्याला असंल त्याच्या," ती म्हणाली. "बरं झालं. थंडी लई हाय तिथं."